‘घर’ नावाचं खातं

प्रिय अबोली,

पाकीट बघून दचकू नकोस, इथे सगळे ठीक आहेत. ह्यांची बीपीची गोळी वेळेवर चालू आहे. बाल्कनीतली कोथिंबीर थंडीने बसली होती, ती ऊन लागल्यावर पुन्हा उठलीय. विश्वजितचा टोरांटोहून परवा फोन होता, तिकडे कमरेएवढं बर्फ पडलंय म्हणतो. लिफ्ट परत बंद, आणि सोसायटीचा सेक्रेटरी परत फोन उचलत नाही. झाली बातमी. आता तू म्हणशील, एवढ्यासाठी आईंनी पत्र लिहिलं? जन्मात मी पत्रं लिहिली ती हे फील्ड पोस्टिंगला असताना ह्यांना, आणि तीसुद्धा चार ओळींची. शाळा चौथीपर्यंत, त्यातली अर्धी म्हशींमागे गेली. तेव्हा अक्षराकडे बघू नकोस. फोनवर सांगायला गेले होते. तू लगेच विचारतेस, आई जेवलात का, बाबा फिरायला जातात का, आणि मला जे बोलायचं असतं ते पाण्याच्या घोटासारखं खाली जातं. हे म्हणाले, पत्र कशाला, शेजाऱ्यांकडून ईमेल करून टाक. मी म्हटलं, माझ्या तोंडासमोर त्या यंत्राचं नाव काढू नका. आपला कम्प्यूटर तुझ्या ऑफिसवाल्यांनी तपासायला नेला तो अजून परत आलेला नाही. टेबलावर त्याचा चौकोन तेवढा उमटलाय, आजूबाजूला धूळ आणि मधे स्वच्छ. मी फडकं मारत नाही तिथे.

मी तोंडाची फटकळ आहे हे तुला लग्नाआधीच कुणीतरी सांगितलं असणार. तुझ्या आईनेच, वृंदाताईंनी, सांगितलं असेल, त्यांना लग्नाच्या बोलण्यांच्या दिवशीच माझा ठसका लागला होता. पुण्याच्या शिकलेल्या घरातली मुलगी, नोएडात कम्प्यूटरच्या कंपनीत नोकरी, आणि सासरा रिटायर सुभेदार, सासू कराडकडची खेडवळ. मला वाटलं होतं महिन्यात वेगळी राहशील. उलटंच झालं. लग्नाला तीन महिने होतात न होतात तो विश्वजितला कंपनीने तिकडे पाठवला, आणि सगळे म्हणाले आता सून माहेरी जाणार नाहीतर मैत्रिणींबरोबर खोली घेणार. तू बॅग उचलून आमच्याच शेजारच्या खोलीत आलीस. मी तेव्हा काय म्हणाले आठवतं? म्हणाले, राहायचं तर रहा, पण सकाळी बाथरूम अडवायची नाही. तू हसलीस. दुसरी कुणी असती तर रडली असती. मला तेव्हाच तुझं कौतुक वाटलं होतं, पण कौतुक तोंडावर करायची आमच्याकडे रीत नाही, आणि असती तरी मी केलं नसतं.

मग दिवाळीच्या आधी तू तो कम्प्यूटर आणलास. रात्री तुझं अमेरिकेवाल्यांचं काम घरून करता यावं म्हणून, आणि आम्हाला विश्वजितचं तोंड दिसावं म्हणून. चालू केला की पडद्यावर तीन नावं यायची. एक ‘अबोली’, पुढे फूल. एक ‘आई’, पुढे पिवळं बदक. आणि एक ‘घर’, पुढे बुद्धिबळातली सोंगटी. बदक तूच निवडलंस आणि मी म्हटलं, माझी चाल दिसली वाटतं तुला. मी बदकावर टिचकी मारायची, पत्ते खेळायची, विश्वजितला बघायची. ‘घर’वर कधी जायचं नाही, असं तू बजावलं होतंस. का, तेही सांगितलं होतंस. मी मेथी निवडत होते. तू म्हणालीस, आई, रोज वावरायला लहान खातंच बरं असतं, बाहेरून चुकून काही खराब आत आलं तर त्यालाही तेवढेच हक्क मिळतात जेवढे आपल्याला असतात. एवढं सरळ सांगितलंस तू. मी काय ऐकलं? मी ऐकलं की मला लहान खातं दिलंय.

तू पलटणीत वाढली नाहीस, तुला हे कळायचं नाही म्हणून लिहिते. कॅन्टोन्मेंटमध्ये बाईला स्वतःचं नाव नसतं, नवऱ्याचा रँक असतो. वेल्फेअरची मीटिंग असली की पुढे सोफे, तिथे ऑफिसरांच्या बायका. मागे खुर्च्या, तिथे सुभेदारांच्या. आणि जवानांच्या बायका सतरंजीवर. मी कितीतरी वर्षं सतरंजीवर बसले. हे नायब सुभेदार झाले तेव्हा खुर्चीवर बसायला मिळालं, त्या दिवशी मी घरी येऊन गूळ वाटला होता. पलटणीच्या मोठ्या साहेबांची, सीओंची, बायको बोलायला लागली की आम्ही मान डोलवायची, समजो न समजो. आणि आता ह्या नोएडात बघ. विश्वजितने कर्ज काढून फ्लॅट घेतला, समोरचं दार उघडलं तर रिटायर मेजरची बायको. एकच लिफ्ट, एकच दूधवाला, कचराही एकाच माणसाने न्यायचा. ममता मला भाभीजी म्हणते आणि माझ्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसते. वरून मी ऐट दाखवते, पण ती आली की आतून अजून मी खुर्चीतून अर्धी उठते. वय झालं तरी ते गुडघ्यांतून जात नाही.

आणि हे असं असताना तू मला ‘घर’ची चावी दिलीस, ते मी विसरलेले नाही. विश्वजितला बघायच्या कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलं होतं, तू ऑफिसात होतीस, आणि ते बसवायला ‘घर’मधूनच जावं लागत होतं. तू फोनवर एकेक अक्षर सांगितलंस आणि मी एका बोटाने ठोकलं. इंग्रजी मला वाचता येत नाही पण अक्षरं ओळखू येतात, विश्वजितला पहिलीत शिकवता शिकवता शिकले. काम झालं आणि त्याचा चेहरा दिसायला लागला. संध्याकाळी तू आलीस आणि म्हणालीस, आई, पासवर्ड आता बदलत नाही, तुमच्याकडे राहू दे. पण लिहायचा नाही, पाठ करायचा, आणि मला विचारल्याशिवाय वापरायचा नाही. बाबांना सांगू नका, ते फिरायला गेल्यावर मित्रांना सांगतील. विश्वजितला तर नकोच, तो कागदावर लिहून भिंतीला चिकटवेल. तुम्हाला एकटीला सांगतेय. मी पाढ्यासारखा पाठ केला. अर्थ काही नाही, उलटीसुलटी अक्षरं आणि मधे आकडे, पण आजही झोपेतून उठवून विचारलंस तर म्हणून दाखवीन. त्यात केवढा मान होता, हे आज लिहिताना कळतंय. त्या वेळी मनात आलं ते असं, की चावी दिली पण दार उघडायची परवानगी नाही, ही कसली चावी.

आता संक्रांत. तुझी लग्नानंतरची पहिली. वृंदाताईंनी पुण्याहून हलव्याचे दागिने पाठवले होते, मी पहाडगंजातल्या मराठी शाळेतल्या बाईंकडून तीळ मागवले, काळी साडी इस्त्री करून तुझ्या पलंगावर ठेवली. शनिवार होता तरी तुला ऑफिस. पाचला येते म्हणालीस. हे आणि पलटणीतले म्हातारे मिळून पानिपतला काला आंबच्या मराठ्यांच्या स्मारकाला गेले होते, दर वर्षी जातात तसे, म्हणजे घरात मी एकटी. मी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं होतं. त्या बिचाऱ्यांना हळदीकुंकू माहीत नाही, एक पंजाबीण म्हणाली, “आंटी, इसमें करना क्या होता है?” मी म्हटलं, “कुछ नहीं, बहू को देखने का होता है.” आणि बहूच नाही. पाच वाजले, साडेपाच वाजले. तुझा फोन आला, आई, सर्व्हर बंद पडलाय, निघता येत नाहीये, माझं ताट झाकून ठेवा. मी फोन आपटला. तूही ऐकलं असशील. दागिन्यांची थाळी मधे ठेवलेली, बायका हलव्याचा हार उचलून बघतायत, एकीने तर त्यातला दाणा मोडून खाल्ला. “बहू आज भी ऑफिस?” ममता म्हणाली, “आजकल की बहुएँ तो घर में पेइंग गेस्ट होती हैं, भाभीजी.” सगळ्या हसल्या. मी पण हसले. काय करणार?

मग ममताने पर्समधून सीडी काढली. तिच्या भाच्याने कुठूनतरी फुकट उतरवून घेतलेलं काहीतरी तीत होतं, पडद्यावर देवाचं चित्र येतं, समई जळते, घंटा वाजते, वरून फुलं पडतात. “चलो, बहू नहीं तो भगवान ही सही.” मला बरं वाटलं, निदान लोकांना दाखवायला काहीतरी. बदकावर गेले, सीडी घातली. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. ममताने चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, “अरे, ये तो मना कर रहा है. आपको परमिशन नहीं है. आपको तो बहू ने लिमिटेड रखा है, भाभीजी!” लिमिटेड. हा शब्द मला कळतो, बसवर लिहिलेला असतो, दुकानावर असतो. पण ती असं म्हणाली आणि कुणीतरी मागे म्हणालं, “अपने ही घर में?” अबोली, मला तिथे सतरंजी दिसली. खोटं नाही सांगत. माझं घर, माझं हळदीकुंकू, माझ्या सुनेने आणलेला कम्प्यूटर, आणि मेजरची बायको सगळ्यांदेखत वाचून दाखवतेय की मला मागे बसवलंय. मी म्हटलं, “कौन बोला? असली चाबी मेरे पास है.” बदकातून बाहेर आले, सोंगटीवर टिचकी मारली आणि सगळ्यांसमोर एका बोटाने तुझा पासवर्ड ठोकला. ममता खांद्यावरून बघत होती. बघू दिलं. बघावं म्हणूनच ठोकत होते. यंत्राने काहीबाही विचारलं, ममता म्हणाली, “यस करो, यस करो,” आणि मी प्रत्येक ठिकाणी यस केलं. घंटा वाजली. फुलं पडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तू रात्री उशिरा आलीस आणि आल्या आल्या काळी साडी नेसलीस, एकटीनेच. माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. मी म्हटलं, आता काय उपयोग. तरी हार घातला तुला, पण असा घातला की जसं जनावराला दावं घालतात. तू वाकून नमस्कार केलास. दुसऱ्या दिवशी तू आंघोळीला गेल्यावर मी ‘घर’मध्ये जाऊन ते समईचं चित्र काढून टाकलं. चित्र गेलं म्हणजे ते गेलं असं मला वाटलं. पाहुणा चपला घालून गेला की गेला, आपण कपाटात थोडंच बघतो. मशीन त्यानंतर मंद चालायला लागलं. तू दोनदा म्हणालीस, आई, हा असा का दमतोय? मी म्हटलं, थंडी आहे.

मग ते सगळं झालं. तुझ्या नावाने कुणीतरी रात्री ऑफिसच्या मशीनमध्ये शिरलं आणि गिऱ्हाइकांची नावं-नंबर घेऊन गेलं. ऑफिसवाले घरी आले, दोन माणसं, बूट बाहेर काढून आली, सभ्य होती. तू त्यांना सांगत होतीस की माझ्या घरच्या मशीनवर कुणी काही घालू शकत नाही, मी तसं बांधून ठेवलंय, अगदी ठामपणे सांगत होतीस. तुझा तो ठाम आवाज मी आत पोळ्या लाटताना ऐकला. ते मशीन घेऊन गेले. त्या संध्याकाळी तू जेवायला बसली नाहीस, माझ्यासमोर येऊन विचारलंस, आवाज न चढवता, आई, संक्रांतीच्या दिवशी ‘घर’मध्ये कुणी गेलं होतं का? हे तिथेच पेपर वाचत होते.

मी काय म्हणाले ते तुलाही पाठ असेल. मी म्हणाले, “मला अडाणीला काय कळतंय तुमच्यातलं? तुझंच काहीतरी चुकलं असेल. रात्र रात्र बसायचं, डोळे मिटायला लागले की कुठेतरी बोट पडतं.” आणि हे पेपरमागून म्हणाले, “तिला काय विचारतेस बाई, तिला टीव्हीचा रिमोट नीट धरता येत नाही.” अबोली, आयुष्यभर मला अडाणी म्हणणाऱ्याशी मी भांडले. रेशनवाल्याशी भांडले, फौजेच्या कॅन्टीनच्या बाबूशी भांडले, माझ्या सख्ख्या दिराशी दोन वर्षं बोलले नाही ह्या एका शब्दावरून. आणि त्या दिवशी तोच शब्द मी पदरासारखा डोक्यावर ओढला आणि खाली लपले. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटतं तेव्हाच तुला कळलं, नाहीतर आधीच कळलेलं होतं आणि मी सांगते का ते बघत होतीस. मग म्हणालीस, बरं. आणि ताट घेतलंस.

पुढचं तर त्याहून वाईट. विश्वजितचा फोन आला तेव्हा तू स्पीकर चालू ठेवला होतास, हात पिठाचे होते म्हणून. तो तुला बेपर्वा म्हणाला. म्हणाला, तू एवढी शिकलेली आणि घरचं एक मशीन सांभाळता येत नाही, माझी काय इज्जत राहील मित्रांत. तो माझा मुलगा, त्याचा आवाज अगदी माझ्यासारखा चढतो. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, ओट्याला टेकून. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी कुकरची शिटी काढून परत बसवली. तू म्हणालीस, हो, चुकलं माझं. त्यानंतर ऑफिसने तुला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं आणि तू पुण्याला गेलीस. स्टेशनवर मी तुला लाडू दिले. लाडू!

गेल्या आठवड्यात साकेत आला होता, तुझ्या ऑफिसातला, तुझं ड्रॉवरमधलं सामान घेऊन. तो मुंबईचा, मराठी बोलणारा, त्यामुळे मी चहाला बसवला. तुझं कसं चाललंय म्हणून मी साळसूदपणे विचारलं. तो म्हणाला, काकू, वाईट चाललंय. अबोलीने लिहून दिलंय की मशीनमध्ये सापडलेलं ते समईवालं तिनेच घातलं, स्वतः, ‘घर’मधून. पण ज्या वेळी घातलं गेलं त्या वेळी ती ऑफिसात होती, सगळ्यांनी बघितलंय, सर्व्हर पडला होता, गेटवर तिची नोंद आहे. म्हणजे ती खोटं बोलतेय हे त्यांना कळलंय, आणि आता साहेब विचारतायत की ही कुणाला वाचवतेय? बाहेरच्या माणसाला मुद्दाम पासवर्ड दिला असेल तर नुसती नोकरी जाणार नाही, प्रकरण पोलिसात जाईल. आणि घरातल्या कुणी चुकून केलं असेल तर? मी विचारलं. तो म्हणाला, तर काय काकू, घरातल्या माणसाला पासवर्ड सांगितला एवढीच तिची चूक, एक कडक पत्र मिळेल आणि सुटेल. पण ती नावच घेत नाही.

मग तो आपल्याच नादात म्हणाला, वाईट ह्याचं वाटतं की आमच्या ऑफिसात तिच्याइतकं सांभाळून कुणी वागत नाही. आम्ही सगळे घरी मालकाच्या, म्हणजे सगळे हक्क असलेल्या, खात्यातच बसतो, सोपं पडतं म्हणून. ती एकटी स्वतःच्या मशीनवर रोज लिमिटेडमध्ये बसायची. मी विचारलं, कोण लिमिटेड? तो म्हणाला, अबोली. तिचं स्वतःचं खातंही लिमिटेडच होतं ना. ‘घर’ तर ती कामापुरतं उघडायची आणि लगेच बंद करायची. ते समईवालं जर कुणी साध्या खात्यात घालायला गेलं असतं तर दारातच अडलं असतं, अडलं पण असेल. मालकाच्या चावीने आत घेतलं म्हणून ते सगळ्या घरात फिरलं, आणि मग अबोली जी अक्षरं दाबेल ती टिपत बसलं, त्यातच तिचा ऑफिसचा पासवर्ड गेला.

माझ्या हातात बशी होती. तू आणि मी एकाच ओळीत बसलो होतो, अबोली. फूल आणि बदक. पुढे सोफा नव्हता, मागे सतरंजी नव्हती, तू कुठे मला खाली बसवलंच नव्हतंस. मी ज्या मानासाठी बायकांसमोर चावी फिरवली तो मान तू स्वतःलासुद्धा घेतला नव्हतास. आणि दारात अडवणारी ती पाटी ममताने वाचली ती माझा अपमान म्हणून, ती तर कुत्र्यासारखी राखण करत होती.

साकेतने विचारलं, काकू, त्या दिवशी घरी कोण आलं होतं का? सरळ विचारलं. उत्तर माझ्या तोंडात होतं. मी म्हणाले, हळदीकुंकवाच्या बायका आल्या होत्या, आणि त्याला आणखी चिवडा वाढला. म्हणजे बघ, एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तर सगळं कळल्यावर. तो पायऱ्या उतरून गेला आणि मी त्याची बशी धुवत उभी राहिले, ती इतकी धुतली की ह्यांनी येऊन नळ बंद केला आणि विचारलं, काय झालंय तुला? तेव्हा मी ह्यांना सांगितलं. सगळं, टाळ्यांपर्यंत. सुभेदार माणूस, ओरडेल असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. हे स्वेटर घालून बाहेर गेले आणि सोसायटीच्या बाकावर बसले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “पोरीला मी पण बोललो गं.” मग विश्वजितला मी स्वतः फोन लावला, तिकडची पहाट होती, झोपेत होता, त्याला जागा करून सांगितलं. तो “पण आई” “पण आई” करत राहिला. मी म्हटलं, पण-बिण नाही, आधी तिची माफी माग, मग माझ्यावर चिड. त्याने तुला फोन केला का ते मला माहीत नाही. केला नसेल तर सांग, परत लावते. ममतालाही दारात उभं करून सांगितलं की तुझी ती सीडी मोड आणि भाच्याला कळव. ती म्हणाली, “भाभीजी, मुझे क्या पता था.” खरंय तिचं. तिला माहीत नव्हतं. मला सांगितलेलं होतं.

तू मला का वाचवलंस हे मी विचारणार नाही. माझी लाज राखायला तू ऑफिसात खोटं लिहून दिलंस, तिकडे नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्यास, आणि जाताना माझ्या पाया पडून गेलीस. ते पाया पडणं मला अजून पावलांवर जड लागतं. तू असं करायला नको होतंस. तू माझ्याशी भांडायला हवं होतंस. मला भांडण समजतं.

आता हे पत्र कशाला, ते ऐक. सोमवारी तुझी चौकशी आहे, साकेत म्हणाला. तू पुण्याहून येऊन तेच परत लिहून देशील, मीच केलं म्हणून, आणि ते तुला काढतील. हे मी होऊ देणार नाही. तू त्यांना माझं नाव सांग. सासूने केलं म्हण, ठकूबाई मारुतराव म्हण, पूर्ण नाव घे. तुझ्याच्याने होणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी आणि हे सोमवारी सकाळी तुझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन थांबतो. हे पत्र आधी पाठवतेय ते एवढ्यासाठीच, की मला तिथे अचानक बघून तू “आई, तुम्ही घरी जा” म्हणू नयेस. मला आत ने. साहेब मराठी समजत नसतील तर मी हिंदीत सांगीन, कोण कोण बायका होत्या, काय विचारलं, कुठे कुठे यस केलं. पासवर्डही म्हणून दाखवीन, तेव्हा तरी पटेल. ते हसतील, एखादा म्हणेल ह्या बाईच्या हातात दिलाच कशाला. म्हणू देत. तू फक्त मधे बोलू नकोस, आणि माझा हात धरू नकोस, हात धरलास तर मला बोलता येणार नाही.

तुझीच,
ठकूबाई